अम्मीच्या सुट्टीचा हिशेब

आमच्या अम्मीने गेल्या तीस वर्षांत दिग्रसच्या घराबाहेर रात्र काढली ती लग्नात, कुणाच्या बाळंतपणात, नाहीतर मयतीत. तिन्ही ठिकाणी ती चुलीपाशीच होती. आता गुडघे बोलू लागले, तेव्हा आम्ही भावंडांनी ठरवले की अम्मीला आठ दिवस खराखुरा आराम द्यायचा. दरमहा थोडे थोडे बाजूला टाकले. पैसे जमले, आराम कुठे मिळतो, हे मात्र ठरेना.

गेल्या वर्षी एका रिसॉर्टच्या जाहिरातीला भुललो. फोनवर विचारले, "बायकांची वेगळी सोय आहे ना?" उत्तर आले, "आहे, आहे." पोहोचल्यावर कळले की वेगळी सोय म्हणजे मधे ओढलेला पडदा, आणि मालिश करणारे दोघेही पुरुष. अम्मीने दोन दिवस खिडकीत बसून काढले. ॲडव्हान्सही बुडाला. चूक आमचीही होतीच. 'सोय आहे का' म्हटले की 'आहे' हेच उत्तर येते. विचारायचे असे: मालिश कोण करते? ती बाई त्या दिवशी सुट्टीवर असली तर कोण? खोलीला आतून कडी आहे का? अंगावर चादर टाकून मालिश होते का? बायकांसमोरही नाभीपासून गुडघ्यापर्यंत झाकलेले हवे, हे सांगायला लाजू नये. चांगल्या ठिकाणी याचे कुणाला नवल वाटत नाही.

शेजारच्या खाला म्हणाल्या, एवढ्या लांब कशाला, पैनगंगेवर चला. आपल्या जिल्ह्यात कापेश्वरला गरम पाण्याचे झरे आहेत, आणि नांदेड जिल्ह्यात उनकेश्वरला. उनकेश्वर हे महादेवाचे ठिकाण. तिथला अदब पाळूनच जावे, आणि बायकांना आंघोळीला आडोसा कितपत आहे हे आधी जाऊन आलेल्या बाईकडूनच ऐकावे. जायचे तर थंडीत. यवतमाळच्या मे महिन्यात गरम पाण्यात उतरणे म्हणजे भट्टीपुढे शेकोटी. गरम पाण्याने आखडलेले सांधे मोकळे होतात, एवढे खरे. पण अम्मीला साखर आहे, आणि साखरेच्या माणसाच्या पायांची जाणीव कमी झालेली असू शकते. पाणी पोळते आहे हे तिला कळायचेही नाही. दुसऱ्याने आधी कोपर बुडवून पाहावे. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरूच नये. आणि गंधकाच्या पाण्याने कातडीचे सगळे आजार जातात, या भरवशावर दवाखाना टाळणारे लोक आम्ही पाहिले आहेत. कुष्ठरोगाचे औषध सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळते. उशीर झाला तर बोटे कायमची वाकतात.

शेवटी आमचे मत केरळकडे झुकले. मलप्पुरम जिल्ह्यात कोट्टक्कलला वैद्य पी. एस. वारियर यांनी 1902 साली सुरू केलेली आर्य वैद्य शाळा आहे. तो जिल्हा मुस्लिमबहुल, त्यामुळे मशीद शोधत फिरावे लागत नाही. नागपूरहून केरळ एक्स्प्रेसने पालक्काड आणि पुढे मोटारीने. केरळच्या पर्यटन खात्याकडून आयुर्वेद केंद्रांना दर्जा दिला जातो, आणि बायकांची मालिश बाईनेच करायची हा त्यातला नियम आहे. आमचा अर्धा घोर तिथेच गेला.

तिथे असे उपचार घेण्याची जुनी रीत कर्किडकम महिन्यात, म्हणजे साधारण मध्य जुलै ते मध्य ऑगस्ट. नेमके तेव्हाच आपल्याकडे कपाशीत निंदण चालू असते! आम्ही थंडीतला आठवडा धरला, रमजानच्या बराच आधी.

उपचारात जेवण पथ्याचे, साधे शाकाहारी, म्हणून हलालचा प्रश्न उरत नाही. औषधांचा मात्र उरतो. आसव आणि अरिष्ट आंबवून करतात, त्यात आपोआप तयार झालेले अल्कोहोल असते. वैद्यांना पहिल्याच दिवशी सांगावे; बरेचदा काढा किंवा गोळी देता येते. तरी शंका राहिली तर आपल्या आलिमांना विचारावे. तेलाने वुजू अडत नाही, पण घट्ट लेप पाणी अडवतो, तो धुवावा लागतो. मालिशची वेळ सकाळची घेतली की जुहरच्या आत आंघोळ उरकते.

अम्मीला स्पा हा शब्द पसंत नाही. तिला आम्ही बुऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यातला, मुमताज महलसाठी बांधलेला हमाम आठवून दिला. ती म्हणाली, "तिच्याकडे स्वयंपाकाला माणसे होती."

तिची खरी अडचण हीच: अब्बांचे जेवण. भाभी म्हणाली, मी पाहीन. अम्मी म्हणाली, मग तिचा आराम कुठे गेला? यावर आम्ही सगळेच गप्प झालो. दुसऱ्या दिवशी भाभीचेही तिकीट काढले.

अब्बा आठवडाभर खिचडी शिकत आहेत. पहिली खाली लागली. दुसरी अम्मीने काही न बोलता संपवली.