कळसूबाईचा सदरा
अकोले तालुक्यांतील कळसूबाईवर (१,६४६ मीटर) पावसाळ्यांत निघालेल्या मुलास घरची मंडळी हटकून सुती सदरा देतात. नगरच्या कोरड्या उन्हाळ्यांत सुतासारखें वस्त्र नाहीं, हें आम्हांस मान्य. ओल धरून तें गारवा देतें. परंतु शिखरावरील वाऱ्यांत तोच भिजका सदरा अंगाची ऊब हिरावून घेतो. तेथें पॉलिएस्टरचा सदरा बरा. त्याचा तंतु पाणी जवळजवळ पीत नाहीं. घाम धाग्यांमधील फटींतून बाहेर सरकून लवकर वाळतो. गारठा फार असल्यास अंगालगत बारीक लोंकर घालावी; ती ओलसर होऊनही ऊब राखते. (टोंचते ती जाडीभरडी लोंकर.) पॉलिएस्टरला घामाचा वास चिकटतो, म्हणून घरीं येतांच सदरा उलटा करून थंड पाण्यांत धुवावा. कपडे मऊ करणारें द्रव्य मात्र घालूं नये. त्याचा लेप धाग्यांवर बसला कीं घाम आंतच राहतो.