वाणाचा माग आणि किनाऱ्याची जबाबदारी

समुद्री अन्नातून जुलाब घडवणारा ‘व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस’ हा जीवाणू १९५० मध्ये जपानमधील ओसाका येथे, २० बळी घेणाऱ्या अन्नविषबाधेच्या तपासात प्रथम ओळखला गेला. त्यानंतर कित्येक दशके त्याचे उद्रेक विखुरलेले राहिले आणि त्यांत निरनिराळे वाण आढळत. फेब्रुवारी १९९६ मध्ये कोलकात्यात मात्र ‘ओ३:के६’ हा एकच वाण (‘ओ’ ही पेशीभित्तिकेची, तर ‘के’ ही तिच्यावरील आवरणाची ओळख) रुग्णांमध्ये एकाएकी वरचढ झाला. ही घटना ध्यानात आली, कारण तेथील संसर्गजन्य रोग रुग्णालयात जानेवारी १९९४ पासून या जंतूवर सातत्याने पाळत होती आणि नवा वाण जुन्यांशी ताडून पाहता येत होता.

पुढे हाच वाण आग्नेय आशियातून जपानला परतलेल्या प्रवाशांत, चिलीच्या किनाऱ्यावर आणि १९९८ मध्ये टेक्सासच्या गॅल्व्हस्टन उपसागरातील कच्ची कालवे खाऊन आजारी पडलेल्या ४१६ जणांच्या उद्रेकात सापडला. तो जहाजांच्या तोलासाठी भरलेल्या समुद्रजलातून गेला की उष्ण सागरी प्रवाहांबरोबर, याविषयी मतभेद आहेत. मात्र बाह्य ओळख बदलूनही वंश तोच राहू शकतो, हे ‘ओ४:के६८’सारख्या त्याच्याच वंशजांनी दाखवल्यामुळे, जंतूचा संपूर्ण जनुकीय आराखडा वाचून वाणांमधील नाते ठरवणे हीच आता विश्वासार्ह रीत मानली जाते.

आराखडा वाचण्याचे तंत्र आज भारतातही उपलब्ध आहे; उणीव आहे ती वाचण्याजोग्या नमुन्यांची. निर्यातीच्या कोळंबीची तपासणी परदेशी ग्राहकांच्या अटींनुसार काटेकोर होते. कोकण-गोव्यातील खवय्याचे पोट बिघडले, तर मात्र प्रकरण बहुधा क्षारसंजीवनी आणि गोळ्यांवर मिटते. शिवाय हा जंतू मिठाशिवाय वाढत नसल्याने विशेष माध्यम न वापरल्यास शौचाच्या नेहमीच्या तपासणीत तो निसटू शकतो. घरोघरी मासे शिजवूनच खाल्ले जातात हे खरे, परंतु तीच सुरी, तीच फळी आणि तोच बर्फ संसर्ग शिजलेल्या अन्नापर्यंत पोहोचवू शकतात.

म्हणून किनारी जिल्ह्यांतील निवडक रुग्णालयांनी उन्हाळा-पावसाळ्यात जुलाबाच्या नमुन्यांतून हा जंतू शोधावा, बंदरांवरील मासळी, शिंपले व बर्फ यांचे नमुने त्यांच्याच जोडीने जतन करावेत आणि सर्वांचे आराखडे एकाच खुल्या संग्रहात ठेवावेत. त्याचा खर्च आरोग्य आणि मत्स्यव्यवसाय या दोन्ही खात्यांनी उचलावा, कारण जुन्या वाणांची नोंद हाताशी नसेल तर नवा वाण किनाऱ्यावर येऊनही नवा म्हणून ओळखला जाणार नाही.