पाणलवंगेचं काय?

साडीच्या दुकानात ‘राणी कलर’ला आताशा ‘फ्युशिया’ म्हणतात. म्हणू देत. मुळात ते कॅरिबियन बेटावर सापडलेल्या फुलाचं नाव. शार्ल प्लुमिए यांनी ते १७०३ मध्ये जर्मन वैद्य फुक्स यांच्या स्मरणार्थ छापलं. फुक्स १५६६ मध्येच वारले. त्यांनी ते फूल कधी पाहिलंच नाही!

त्याच कुळातली पाणलवंग मात्र आपल्या भातशेतात, पाण्याच्या कडेला उभी असते. चार पिवळ्या पाकळ्या, आठ पुंकेसर, खाली लवंगेसारखा लांबट बीजकोश. फ्युशियाचीही मांडणी हीच. मी वर्गात विचारलं, तर नाव एकीलाच ठाऊक, तेही आजीकडून. शेतकरी तिला तण म्हणून उपटतो, त्याला भात वाचवायचा असतो. आपली काय अडचण आहे? अंकासाठी मोगऱ्यावरच्या कविता चिक्कार येतात. पाणलवंगेवर एक तरी द्या, आज्या आहेत तोवर.