‘मॉडेल १९०५’ म्हणजे १९०५ सालची रायफल नव्हे

१/ जुन्या शिकारी रायफलीवर ‘एम. १९०५’ ही अक्षरे दिसली, की ‘निर्मिती : १९०५’ असे बेधडक लिहिले जाते. विक्रेता लिहितो, संग्राहक मानतो, पुढचा लेखक उद्धृत करतो. आणि गैरसमजाचा इतिहास होऊन बसतो. 🧵

२/ ऑस्ट्रियातील श्टायर येथे बनलेल्या मॅनलिखर-श्योनाउअर रायफलींबाबत हे वारंवार घडते. कोरलेले साल आराखड्याचे असते, कारखान्यातून बाहेर पडण्याचे नव्हे. १९०३ च्या आराखड्याच्या रायफली पहिल्या महायुद्धानंतरही बनत होत्या.

३/ या आराखड्यांतील मुख्य भेद काडतुसाचा :
१९०३ – ६.५×५४ मि.मी.
१९०५ – ९×५६
१९०८ – ८×५६
१९१० – ९.५×५७
श्योनाउअरच्या मॅगझिनमधील फिरकी त्या त्या काडतुसाच्या मापानेच घडवलेली असे. म्हणून नळीचे माप कोरलेल्या मॉडेलशी जुळत नसेल, तर नळी नंतर बदलल्याची शंका घेणे भाग आहे.

४/ मग निर्मितीचे साल कुठे शोधायचे? चाचणीगृहाच्या मुद्रांत. व्हिएन्नाच्या चाचणी-क्रमांकापुढे अनेकदा सालाचे शेवटचे दोन अंक आढळतात. ते अंक बारीक, मॉडेलची अक्षरे ठळक. आळशी वाचक ठळक तेवढेच वाचतो.

५/ दुसरा भ्रम : दस्त्याचे लाकूड नळीच्या टोकापर्यंत गेले, की रायफल मॅनलिखरच! असे दस्ते माउझर बनावटीच्या शिकारी रायफलींनाही होते. खरी खूण आत आहे : फिरते मॅगझिन, आणि रिसीव्हरच्या मागच्या, दुभंगलेल्या कमानीतून सरकणारी बोल्टची मूठ.

६/ ‘एवढा कीस कशाला? कथा महत्त्वाची,’ असा आक्षेप येतो. जिम कॉर्बेट यांची .२७५ रिग्बी पाहावी. नाव लंडनचे, यंत्रणा जर्मन माउझरची, आणि काडतूस म्हणजे ७×५७ माउझरचेच ब्रिटिश नामकरण. चंपावतच्या वाघिणीची कथा या रायफलीला चिकटली ती नावामुळे नव्हे, तर दस्त्यावरील चांदीच्या पट्टीवरच्या लेखामुळे. त्या वाघिणीला मारल्याबद्दल ही रायफल भेट मिळाली, हे तो लेख सांगतो. शिकार तिने झालेली नव्हती. पट्टी न वाचणारा इथेही फसतो.

७/ नाणे असो, ताम्रपट असो वा रायफल. वस्तू स्वतःविषयी साक्ष देते, पण उलटतपासणी घेणाऱ्यालाच. ती न घेता चिकटवलेले साल म्हणजे इतिहासप्रेम नव्हे, अफवेची जपणूक आहे.