पाचांचे प्रमाण

चैत्रातील हळदीकुंकवाच्या निमित्ताने भालकीला मावसबहिणीकडे जाणे झाले. संध्याकाळच्या गडबडीतच तिने मला स्वयंपाकघरात बोलावून हलक्या आवाजात विचारले, “दादा, पोरगा हैदराबादेत हॉटेलात नोकरीला आहे, एवढेच मी लोकांना सांगते. तो दारू मिसळून देतो, हे कोणत्या तोंडाने सांगू?”

तिचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. तिच्या सासऱ्यांची पाच एकर काळी जमीन गुत्त्याने गिळली. निजामाच्या राज्यात आबकारी हे सरकारी उत्पन्नाचे मोठे साधन होते. १९५६ साली बीदर व गुलबर्गा हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले, पण गुत्ते होते तेथेच राहिले. कर्नाटकात अर्काची विक्री बंद झाली ती १ जुलै २००७ रोजी. तोवर कित्येक घरे बसली होती.

रात्री गच्चीवर भाच्याशी बोलणे काढले. तो स्वतः घेत नाही. म्हणाला, “मामा, आमच्या कामाचे मूळ आपल्याच मुलखात आहे.” आणि त्याने जे सांगितले, ते वाचकांनाही ऐकण्यासारखे वाटेल.

सतराव्या शतकात हिंदुस्थानात आलेले इंग्रज व्यापारी ‘पंच’ नावाचे पेय पीत. १६३२ सालच्या एका पत्रात त्याचा उल्लेख आहे. शिवकाळात मुंबई, सुरत, कारवार पाहिलेला आणि जुन्नरलाही येऊन गेलेला डॉक्टर जॉन फ्रायर, आपल्या १६९८ साली छापलेल्या प्रवासवर्णनात हे नाव ‘पाच’ या शब्दावरून आल्याचे सांगतो. मद्य, साखर, लिंबू, पाणी व मसाला हे ते पाच जिन्नस होत. या व्युत्पत्तीविषयी काही विद्वान शंका घेतात; पेय मात्र येथूनच विलायतेस गेले, आणि तेथून अमेरिकेस.

अमेरिकेत १८०६ साली एका वृत्तपत्राने ‘कॉकटेल’ म्हणजे मद्य, साखर, पाणी व कडू अर्क यांचे मिश्रण, अशी व्याख्या छापली. १८२४ साली व्हेनेझुएलात डॉक्टर सीगर्ट यांनी पोटाच्या औषधासाठी काढलेला कडू अर्क पुढे या पेयांत थेंबाथेंबाने पडू लागला. १८६२ साली जेरी टॉमस यांनी या कृतींचे पुस्तकच काढले.

‘व्हिस्की सावर’ म्हणजे पंचाचेच धाकटे भावंड. ६० मिलिलिटर व्हिस्की, अंदाजे ३० लिंबाचा रस व २० साखरेचा पाक बर्फासह जोराने घुसळायचा. ‘ओल्ड फॅशन्ड’मध्ये लिंबाचा रस नाही, साखरेचा खडा, कडू अर्काचे दोन-तीन थेंब, व्हिस्की आणि बर्फ. ते घुसळायचे नाही, संथपणे ढवळायचे. रस असेल तर घुसळावे, कारण तो मद्यात नीट मिसळावा लागतो. नुसते मद्य असेल तर ढवळावे, म्हणजे पेय नितळ राहते. बर्फाचे वितळलेले पाणी ही भेसळ नव्हे. तो एक जिन्नसच आहे. पाणी कमी पडले तर पेय जाळते, जास्त झाले तर पचपचीत होते.

ऐकता ऐकता मला आमच्या घरचे पन्हे आठवले. कैरी, गूळ, मीठ, वेलची आणि पाणी, येथेही पाचच! ‘पन्हे’ हा शब्दच ‘पानक’ यावरून आलेला. आमच्या शेजारच्या बसवकल्याणात, म्हणजे चालुक्यांच्या कल्याणीत, बाराव्या शतकात राजा सोमेश्वर तिसरा याने रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात पाणी सुवासिक करण्याच्या रीतीही नोंदल्या आहेत. चवीचे प्रमाण साधण्याची विद्या आमच्या मातीला परकी नाही.

तथापि बहिणीचे दुःखही खोटे नाही. भाचा पेल्यातले प्रमाण सांभाळतो, परंतु पिणाऱ्याने कितवा पेला घ्यावा, हे त्याच्या मापात बसत नाही. मी हे बोलून दाखवले. क्षणभर थांबून तो म्हणाला, “मामा, आजोबांची जमीन मी विसरलेलो नाही. ज्याला पुरे झाले असेल, त्याला मी नाही म्हणतो. कधी शिव्याही खातो.”

दुसऱ्या दिवशी उरलेल्या कैऱ्यांचे पन्हे त्यानेच केले, आपले मापाचे पेले काढून. शेजारच्या काकूंनी विचारले, “इतके नेमके कुणाला जमले?” बहीण जरा घुटमळली. मग म्हणाली, “पोराने केले. हॉटेलात त्याचे तेच काम आहे.”

अर्धेच सांगितले तिने. पण मान खाली नव्हती.