डॉक्टर येण्यापूर्वीच पेशंट मेलेला असतो

उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकलेल्या कोणालाही विचारा, इंग्रजी व्याकरणातले एक वाक्य त्याला तोंडपाठ असते. 'द पेशंट हॅड डाइड बिफोर द डॉक्टर केम.' आमच्या उस्तादांनी ते आम्हाला शिकवले, बी.एड. होऊन आम्हीही तेच शिकवू लागलो. पेशंट दरवर्षी मरतो, डॉक्टर दरवर्षी उशिरा येतो. पण आमच्या वर्गातल्या पोराला पोटात कुठे दुखते, कालपासून की आजपासून, हे डॉक्टरला इंग्रजीत सांगता येत नाही.

सन २००० पासून महाराष्ट्रात सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दहावीपर्यंत दहा वर्षे! दहा वर्षांत माणूस हाफिज होतो, सुतारकाम शिकून घर चालवतो. आमचा विद्यार्थी दहा वर्षांत 'माय नेम इज'च्या पुढे जात नाही.

दहावीला चांगले गुण मिळवलेली आमची एक विद्यार्थिनी अकरावी सायन्सला गेली. दहावीपर्यंत विज्ञान उर्दूत, अकरावीत एकदम इंग्रजीत. तिसऱ्या आठवड्यात सरांनी विचारले, काल का आली नाहीस? ती म्हणाली, 'येस्टर्डे आय अॅम नॉट कमिंग.' वर्ग हसला. महिन्याभरात तिने कॉलेज सोडले. घरच्यांना निमित्तच हवे होते, असे म्हणून आम्ही मोकळे होऊ शकलो असतो. पण ते निमित्त आम्हीच पुरवले होते. 'आय डिड नॉट कम' हे वाक्य तिने परीक्षेत डझनभर वेळा लिहिले होते. तोंडाने एकदाही म्हटले नव्हते.

यावर समाजात दोन उत्तरे तयार असतात. पहिले, उर्दू शाळा बंद करा, पोरांना इंग्रजी माध्यमात घाला. मग मोहल्ल्यातल्या दोन खोल्यांत टाय बांधलेली मुले बसतात आणि त्यांची टीचर 'सिट डाउन', 'कीप क्वाएट' सोडून बाकी सगळे उर्दूतच बोलते. फी वाढली, इंग्रजी आले नाही. दुसरे उत्तर, तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी शिकवणारे क्लास. जे दहा वर्षांत झाले नाही ते तीस दिवसांत करून देतो म्हणणाऱ्याला आम्ही पैसे मोजतो आणि शाळेला जाब विचारत नाही.

आमचे म्हणणे साधे आहे. भाषा बोलून येते. हे आम्हा मराठी मुसलमानांना कोणी सांगायला नको. कोकणातले पोर घरी कोकणी बोलते, शाळेत उर्दू, बाजारात मराठी. त्याला मराठीचे विभक्ती-प्रत्यय कोणी पाठ करायला लावले? एस.टी. स्टँडवर, भाजीबाजारात, क्रिकेटच्या मैदानात चुकत चुकत तो शिकला. हसणारे हसले, पण तिथे बोलल्याशिवाय काम भागत नव्हते. इंग्रजीच्या तासाला मात्र न बोलता सगळे भागते.

साठ मुलांचा वर्ग आणि चाळीस मिनिटांचा तास. उस्तादांनी एकेकाला उठवले तर प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस सेकंद. जोड्या लावल्या तर एकाच वेळी तीस मुले बोलतात. गोंगाट होतो, होऊ द्या. रोज दहा मिनिटे एकाने विचारायचे, काल काय केलेस? दुसऱ्याने सांगायचे. मग उलट. 'डिड यू वेन्ट' म्हणणारे निघतीलच. बोलणे पुरे होऊ द्या, मग सांगा की काळ 'डिड'ने उचलला, क्रियापदाला पुन्हा ओझे नको. तेव्हा व्याकरण लक्षात राहते, कारण त्याची गरज पडलेली असते. आम्ही व्याकरणाचे वैरी नाही. पण व्याकरण आधी आणि बोलणे कधीच नाही, हा क्रम आम्हाला मान्य नाही.

उर्दूही इथे आड येत नाही, उलट कामी येते. उर्दूत अदब क्रियापदातच असते. 'दीजिए' म्हटले की पुरे. इंग्रजीत आप, तुम, तू सगळ्यांना एकच 'यू'. म्हणून आमचे अदबीचे पोर 'गिव्ह मी फॉर्म' म्हणते आणि बँकेत उद्धट ठरते. 'प्लीज' आणि 'कुड यू' ही इंग्रजीची 'दीजिए' आहे, हे त्याला त्याच्याच भाषेतून समजावणारा शिक्षक उर्दू शाळेतच भेटेल. कोष्टकात हे सापडत नाही.

सर सय्यद यांनी अलीगढला मदरसा काढला तो १८७५ साली. इंग्रजी शिकावी की नाही, हा वाद तेव्हाच जुना झाला. आजचा सवाल आमच्यासारख्या शिक्षकांना आहे. आम्ही बोलत नाही कारण आम्हालाच चुकण्याची भीती वाटते. मुलांसमोर चुकलो तर इज्जत जाईल, हे खरे कारण. गाइड आणि तर्जुम्याच्या आड आम्ही ते लपवतो. कबूल करू या. मुलांसमोर चुकू या, त्यांच्यादेखत सुधारू या.

आणि पालकांनो, तुम्हीही मुलाला गुण किती पडले एवढेच विचारू नका. आज इंग्रजीच्या तासाला तू काय बोललास, असे विचारा. उत्तर 'काहीच नाही' असेल तर शाळेत या आणि आम्हाला जाब विचारा. पुढची मुलगी कॉलेज सोडण्याआधी या.