मुदत माणसाला नको, सभागृहाची पाळा

एका माणसाला दोनदाच निवडून येऊ द्यावे, तिसऱ्यांदा उमेदवारीच मिळू नये, म्हणजे निवडणुकीवरचा उडालेला विश्वास परत येईल, असे ठामपणे सांगणारे लोक यवतमाळ जिल्ह्यातल्या ढाणकी-उमरखेड भागात पुष्कळ भेटतात. तीच ती माणसे वर्षानुवर्षे खुर्चीला चिकटतात, हा त्यांचा राग खरा आहे. पण त्यांनी सुचवलेला उपाय याच मातीत तपासून पाहिला, तर तो टिकत नाही.

ढाणकी उमरखेड विधानसभा मतदारसंघात आणि हिंगोली लोकसभा मतदारसंघात येते. उमरखेडमधून २००९ साली विजय खडसे, २०१४ साली राजेंद्र नजरधने, २०१९ साली नामदेव ससाने आणि २०२४ साली किसन वानखेडे निवडून आले. हिंगोलीतून याच चार वर्षी अनुक्रमे सुभाष वानखेडे, राजीव सातव, हेमंत पाटील आणि नागेश पाटील आष्टीकर खासदार झाले. आठ निवडणुका, आठ वेगळी माणसे. दोनदाची मर्यादा मागणाऱ्यांना हवे होते त्याहून जास्त इथे कायद्याविना घडले. मग इथल्या मतदाराचा विश्वास दुणावायला हवा होता. तो दुणावला नाही, कारण माणूस बदलण्याचा निर्णय बहुतेक वेळा मतदाराच्या हातात नव्हताच. उमरखेडचे शेवटचे तिन्ही आमदार भाजपचेच; चेहरे बदलले ते उमेदवारी वाटणाऱ्यांनी.

शेजारच्या पुसदकडे बघा. वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते. त्यांच्यानंतर त्याच घरातले सुधाकरराव मुख्यमंत्री झाले, मनोहरराव मंत्री झाले आणि २०१९पासून इंद्रनील नाईक आमदार आहेत. व्यक्तीवर दोन मुदतींचे बंधन घातले असते, तर उमेदवारी याच क्रमाने, फक्त थोडी लवकर, पुढच्या पिढीकडे गेली असती. मेक्सिकोत १९३३पासून खासदारांना लागोपाठ दुसऱ्यांदा उभे राहायला बंदी होती, तरी एकच पक्ष २०००पर्यंत सत्तेवर राहिला. लोकप्रतिनिधी मतदाराऐवजी पुढची जागा देणाऱ्या पक्षश्रेष्ठींकडे बघू लागले.

आपल्या नगरपंचायतींत तर अशी मर्यादा दुसऱ्या वाटेने आलेलीच आहे. सोडतीच्या दिवशी शाळकरी मुलाच्या हातून बरणीतली चिठ्ठी निघते आणि प्रभागाचे आरक्षण फिरते. पाच वर्षे पाणी आणि नाल्यांसाठी धावलेल्या बाईचा प्रभाग खुला झाला, की तिचे तिकीट कापले जाते. आरक्षण हवेच, त्यावर माझा वाद नाही. पण काम शिकलेल्या माणसाला लोकांनी पुन्हा निवडायची संधी आधीच इतकी तोकडी असताना ती आणखी का कापायची?

मग विश्वास कशाने उडाला? माझे उत्तर असे, की जी मुदत घटनेत लिहिलेली आहे, तीच पाळली गेली नाही. नगरपालिकांची मुदत पाच वर्षे, त्याहून जास्त नाही, आणि ती संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे, असे कलम २४३-यू सांगते. सभागृह बरखास्त झाले तरी सहा महिन्यांत निवडणूक व्हायला हवी. तरीही महाराष्ट्रात ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात शेकडो स्थानिक स्वराज्य संस्था प्रशासकांच्या हाती गेल्या. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ला संपली आणि मतदान झाले १५ जानेवारी २०२६ला. तेही सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी आदेश दिल्यानंतर. दिवाबत्ती बंद पडली तर दार कुणाचे ठोठावायचे, हे ज्याला वर्षानुवर्षे कळले नाही, त्याने मतदानावर विश्वास कशाच्या आधारावर ठेवायचा?

दुसरे कारण मोजणीचे. नोव्हेंबर २०२४च्या विधानसभेला संध्याकाळी पाच वाजता सांगितलेली मतदानाची टक्केवारी ५८.२२ होती, अंतिम आकडा ६६.०५ आला. पाचनंतरही रांगा असतात, आकडे उशिरा जुळतात, हे स्पष्टीकरण मला अशक्य वाटत नाही. पण शंका स्पष्टीकरणाने मिटत नाही, कागदाने मिटते. तो कागद आहे. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष १७-सी नमुन्यात झालेल्या मतांचा हिशेब लिहितो आणि त्याची सहीची प्रत उमेदवाराच्या प्रतिनिधीला मिळते. या सगळ्या प्रती निवडणूक आयोगाने त्याच रात्री सर्वांना पाहता येतील अशा जाहीर कराव्यात.

तेव्हा तिसऱ्यांदा उभे राहणाऱ्याला अडवण्यासाठी कायदा मागू नका; तो नकोसा असेल तर त्याला पाडण्याचा हक्क तुमच्याकडे आहे. मागायचेच असेल, तर सभागृहाची मुदत संपण्याआधी निवडणूक मागा, आणि आपल्या केंद्रावर बसणारा प्रतिनिधी १७-सीची प्रत घेतल्याशिवाय उठणार नाही, एवढे पाहा.